सारखे दिसणारे मल्टिमीटर : डायलवर न दिसणारा फरक

विद्युत साहित्याच्या दुकानात मल्टिमीटर घेण्यासाठी गेलेल्या ग्राहकासमोर विक्रेता एकाच कंपनीचे तीन-चार मीटर मांडतो. पेटी तीच, रंग तोच, पडदा तेवढाच; केवळ क्रमांकाचा शेवटचा अंक वेगळा. ‘यात टेंपरेचर आहे, त्यात नाही’ किंवा ‘याला लाइट आहे’ एवढ्या खुलाशावर निवड होते. वास्तविक या मीटरांतील महत्त्वाचे फरक डायलवर ठळकपणे दिसत नाहीत. आतील रोध, फ्यूजचा दर्जा, प्रत्यावर्ती म्हणजे एसी व्होल्टेज मोजण्याची पद्धत आणि आघात सोसण्याची क्षमता या चार गोष्टींवरून मीटर कोणत्या कामाचा हे ठरते. घरातील वायरिंगवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न सोयीपुरता मर्यादित नाही. ‘ही वायर मृत आहे’ असे मीटर सांगतो तेव्हा त्यावर विसंबून माणूस उघड्या तांब्याला हात लावतो.

एका कुटुंबातील चार मॉडेले

तुलनेसाठी फ्लुक या अमेरिकी कंपनीची ११० मालिका सोयीची आहे. या मालिकेतील ११४, ११५, ११६ आणि ११७ ही मॉडेले प्रथमदर्शनी जुळी भावंडे वाटतात. चौघांचा पडदा ६००० गणनांचा आहे, म्हणजे दशांशचिन्ह सोडून ५९९९ पर्यंतचे आकडे तो दाखवतो. चौघेही खरे आरएमएस मूल्य मोजतात, चौघांची सुरक्षा श्रेणी कॅट ३, ६०० व्होल्ट आहे आणि चौघेही ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतात. पडद्यामागचा प्रकाश आणि किमान-कमाल नोंद याही सुविधा सर्वांत आहेत.

फरक पुढीलप्रमाणे आहेत.

११४ : व्होल्टेज, मिलिव्होल्ट, रोध आणि बझरसह कंटिन्युइटी. करंट मोजण्याची सोय नाही, कपॅसिटर मोजता येत नाही. मात्र अल्प रोधाची, म्हणजे ‘लो-झेड’ची सोय आहे.

११५ : १० अँपिअरपर्यंतचा करंट, कपॅसिटर, डायोड आणि वारंवारता. लो-झेडची सोय नाही.

११६ : तापमान आणि ६०० मायक्रोअँपिअरपर्यंतचा अतिसूक्ष्म करंट, शिवाय कपॅसिटर, डायोड, वारंवारता आणि लो-झेड. १० अँपिअरचा सॉकेट नाही.

११७ : ११५ मधील सर्व सोयी, त्यांवर लो-झेड आणि वायरला स्पर्श न करता एसी व्होल्टेज ओळखणारा संवेदक.

या यादीवरून ११७ हा सर्वांत ‘मोठा’ आणि ११४ हा सर्वांत ‘लहान’ असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही चार वेगळ्या व्यवसायांसाठी केलेली चार अवजारे आहेत. ११६ मधील मायक्रोअँपिअरची सोय थंड देशांतील गॅसवर चालणाऱ्या हीटरची ज्योत-संवेदक यंत्रणा तपासण्यासाठी आहे. तेथे करंट काही मायक्रोअँपिअर एवढाच असतो. गोव्यातील एसी दुरुस्ती करणाऱ्याला त्या सोयीचा उपयोग क्वचितच होईल. त्याला मोल आहे ते उणे ४० ते ४०० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानमापनाचे आणि कंप्रेसरचा कपॅसिटर तपासण्याचे.

मृत वायरीवरचे व्होल्टेज

११५ आणि ११७ यांच्यातील सर्वांत अर्थपूर्ण फरक लो-झेडचा आहे. साध्या व्होल्टेज मापनात चांगल्या मीटरचा आतील रोध फार मोठा ठेवतात. या मालिकेत तो एसीसाठी ५० लाख ओहमपेक्षा आणि डीसीसाठी एक कोटी ओहमपेक्षा अधिक आहे. मोजताना मीटरने मूळ परिपथातून जवळजवळ काहीही ओढू नये, हा त्यामागील हेतू. इलेक्ट्रॉनिक कामात हा गुण ठरतो. घराच्या वायरिंगमध्ये मात्र तोच फसवा ठरू शकतो.

एकाच पाइपमधून जवळजवळ ओढलेल्या दोन वायरी मिळून एक नैसर्गिक कपॅसिटर तयार होतो. दहा-पंधरा मीटरच्या ओढीत त्याची धारिता एक नॅनोफॅरड धरली, तर ५० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ३२ लाख ओहम येतो. आता एक वायर २३० व्होल्टवर जिवंत आहे आणि दुसरी दोन्ही टोकांना सुटी आहे असे समजू. दुसऱ्या वायरीवर ५० लाख ओहमचा मीटर लावल्यास गणिताने सुमारे १९५ व्होल्ट दिसायला हवेत. मीटरचा रोध १० लाख ओहम असेल, तर तोच आकडा ७० व्होल्टच्या घरात येतो. लो-झेडवर रोध सुमारे ३००० ओहम असतो. तेथे आकडा पाव व्होल्टपेक्षाही कमी होतो. प्रत्यक्ष वायरिंगमध्ये शेजारून न्यूट्रल आणि अर्थिंगच्याही वायरी जात असल्याने पहिले दोन आकडे बरेच खाली येतात, तरी चित्र बदलत नाही. एकच सुटी वायर तीन मीटरांवर तीन वेगळी उत्तरे देते आणि तिन्ही मीटर आपापल्या परीने खरे बोलत असतात.

वायरमन मंडळी अशा व्होल्टेजला ‘इंडक्शन’ म्हणून सोडून देतात. टेस्टरमधील निऑन दिवा त्यावर पेटतो, बंद केलेला एलईडी बल्बही कधी मंद लुकलुकत राहतो. धोका या सवयीत आहे. दहा वेळा ‘इंडक्शन’ निघालेल्या वायरीवर अकराव्या वेळी न्यूट्रल तुटल्यामुळे किंवा चुकीच्या जोडणीमुळे खराखुरा फेज येतो, आणि मीटरवरील आकडा तेव्हाही तसाच दिसतो. लो-झेड या दोन स्थितींत भेद करतो : खोटे व्होल्टेज त्याच्या भाराखाली कोसळते, खरे टिकून राहते.

जुने वायरमन होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब जवळ बाळगत, त्यामागे हेच तत्त्व होते. ६० वॉटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ९०० ओहम असतो. खोट्या व्होल्टेजवर तो पेटूच शकत नाही. त्या जोडणीत फ्यूज नसे, टोके उघडी असत आणि काच फुटण्याची भीती असे. बल्बचे तत्त्व लो-झेडच्या मीटरने घेतले आणि त्यातील धोका वगळला.

लो-झेडलाही एक मर्यादा आहे. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये तो लावल्यास २३० व्होल्टला ३००० ओहममधून आरंभी सुमारे ७७ मिलिअँपिअर गळती होते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो पडू शकतो. असे झाल्यास त्यात मीटरचा किंवा आरसीसीबीचा दोष नसतो. रुग्णशय्येवरील उपकरण किंवा चालू संगणक त्याच ओळीवर असेल, तर मापन फेज-न्यूट्रलमध्ये करणे उचित.

इन्व्हर्टर ‘कमी’ का दाखवतो?

पावसाळ्यात वीज गेली की घरोघरी इन्व्हर्टर चालू होतात आणि त्यांचे व्होल्टेज मोजताना मीटरमीटरांत वाद उद्भवतो. कारण मापनपद्धतीत आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीचे अनेक मीटर एसी लहरीची सरासरी घेतात आणि ती १.११ ने गुणून दाखवतात. हा गुणक केवळ शुद्ध साइन लहरीसाठी बरोबर असतो. खरे आरएमएस मोजणारा मीटर लहरीचा आकार गृहीत न धरता तिचे उष्णतामूल्य काढतो.

एखादा इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची, म्हणजे सुधारित साइन लहर देतो आणि त्यात निम्मा काळ ३२५ व्होल्ट व निम्मा काळ शून्य असतो असे धरू. तिचे खरे आरएमएस मूल्य २३० व्होल्ट येते. सरासरी घेणारा मीटर मात्र सुमारे १८० व्होल्ट दाखवतो. उलट शुद्ध चौकोनी लहरीचे मूल्य २३० असेल, तर तोच मीटर सुमारे २५५ दाखवतो. पहिल्या प्रसंगी धडधाकट इन्व्हर्टर दुरुस्तीला जातो, दुसऱ्या प्रसंगी त्याचे व्होल्टेज विनाकारण उतरवले जाते. दोन्ही वेळा बिल ग्राहक भरतो.

हा फरक बाह्यरूपावरून मुळीच कळत नाही. फ्लुकच्याच ८० मालिकेतील ८३-पाच आणि ८७-पाच यांची पेटी एकसारखी आहे. पण पहिला सरासरीवर चालतो आणि दुसरा खरे आरएमएस मोजतो. त्याच कंपनीचे १५बी प्लस आणि १७बी प्लस हे ४००० गणनांचे मीटरही सरासरी पद्धतीचे आहेत. पुढच्या बाजूस ‘ट्रू आरएमएस’ अशी अक्षरे नसतील, तर मीटर सरासरीचा आहे असे धरून चालणे सुरक्षित.

करंटचा सॉकेट आणि त्यामागील फ्यूज

करंट मोजताना मीटर परिपथात ओवावा लागतो, म्हणून करंटच्या सॉकेटमागील रोध जवळजवळ शून्य असतो. लाल लीड त्या सॉकेटमध्ये विसरून राहिली आणि तशीच प्लगपॉइंटमध्ये लावली, तर फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना जोडले जातात. मल्टिमीटरच्या गंभीर अपघातांचे हे नेहमीचे कारण आहे. त्या क्षणी मीटर आणि हात यांच्यामध्ये फक्त फ्यूज उरतो.

११५ आणि ११७ मध्ये ११ अँपिअर, १००० व्होल्टचा फ्यूज असतो आणि तो १७ किलोअँपिअरपर्यंतचा शॉर्टसर्किट प्रवाह तोडू शकतो. अशा फ्यूजच्या नळीत वाळूसारखा भराव असतो. तार वितळताच तो भराव ठिणगी विझवतो. काचेच्या लहान फ्यूजमध्ये हे सामर्थ्य नसते. तार तुटल्यावरही तिच्या वाफेतून प्रवाह चालू राहतो, काच फुटते आणि ज्वाला मीटरच्या पेटीत पसरते. मूळ फ्यूज महाग म्हणून त्या जागी काचेचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवलेला ११७ हा मूळ ११७ राहत नाही, पेटीवरचा क्रमांक काहीही असो.

या प्रकाशात ११४ मधील उणीव वेगळी दिसते. त्याला करंटचा सॉकेटच नाही, त्यामुळे लीड चुकीच्या जागी राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रशिक्षणार्थीच्या हाती पहिला मीटर देताना ही उणीव गुणच म्हणावी लागेल. वायरमनला करंट मोजण्याची गरज बहुधा क्लॅम्प मीटरने भागते आणि त्यासाठी वायर तोडावी लागत नाही.

दुसऱ्या बाजूने, ११७ चा सर्वांत लहान करंट पल्ला ६ अँपिअरचा आहे. एक मिलिअँपिअरपेक्षा बारीक फरक तो दाखवत नाही. मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी तो अपुरा आहे. त्या कामाला ०.१ मायक्रोअँपिअरपर्यंत जाणारा, किमतीने कमी असलेला १७बी प्लस अधिक उपयोगी पडतो. १५बी प्लस आणि १७बी प्लस यांच्यात निवड करायची झाल्यास तापमान आणि वारंवारता या सोयी १७ मध्येच आहेत.

‘१००० व्होल्ट’ म्हणजे किती?

मीटरवर छापलेल्या व्होल्टेजपेक्षा त्याशेजारील ‘कॅट’ श्रेणी महत्त्वाची असते. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॅट २ म्हणजे प्लगपॉइंटला जोडलेली उपकरणे, कॅट ३ म्हणजे इमारतीतील कायम वायरिंग आणि वितरण पेटी, तर कॅट ४ म्हणजे वीजमीटर, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि त्यापलीकडची वाहिनी. जनित्राच्या दिशेने जावे तसा शॉर्टसर्किटचा प्रवाह वाढतो आणि श्रेणीही वाढते.

विजेच्या कडकडाटाने किंवा मोठी मोटर बंद होताना वाहिनीवर क्षणिक उसळी येते. कॅट २, १००० व्होल्ट आणि कॅट ३, ६०० व्होल्ट या दोन्ही श्रेणींच्या चाचणीत ६००० व्होल्टचाच आघात दिला जातो. परंतु पहिल्या चाचणीत आघाताच्या उगमाचा रोध १२ ओहम असतो, दुसऱ्या चाचणीत २ ओहम. म्हणजे पहिल्यात प्रवाह ५०० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, दुसऱ्यात ३००० अँपिअरपर्यंत. ‘१०००’ लिहिलेला मीटर ‘६००’ लिहिलेल्यापेक्षा बळकट असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

११० मालिकेची मर्यादाही येथेच कळते. घरातील वितरण पेटीपर्यंत ती योग्य आहे. खांबावरून घरात येणाऱ्या वायरीवर, विशेषतः वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा चमकत असताना, ती योग्य नाही. छतावरील सौरऊर्जेच्या कामातही सावध राहावे लागते. प्रत्येकी सुमारे ५० व्होल्टचे पंधरा पॅनेल एका ओळीत जोडले की ७५० व्होल्ट डीसी तयार होतात. ६०० व्होल्टच्या मीटरचा तो प्रांत नाही. कॅट ३, १००० व्होल्ट आणि कॅट ४, ६०० व्होल्ट अशी दुहेरी श्रेणी असलेला ८७-पाचसारखा मीटर तेथे लागतो. लीडची श्रेणीही तपासणे आवश्यक आहे, कारण मीटर आणि लीड यांपैकी जी श्रेणी खालची तीच संपूर्ण जोडीची श्रेणी ठरते.

काही शे रुपयांचा मीटर

बाजारात सर्वाधिक आढळणारा डीटी ८३० हा मीटर आज अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळतो. साधारणपणे ‘बी’मध्ये ट्रान्झिस्टर तपासणी, ‘सी’मध्ये तापमान आणि ‘डी’मध्ये बझर असतो. पडदा १९९९ पर्यंतचा. आतील पट्टी उघडल्यास काळ्या रेझिनच्या थेंबाखाली ७१०६ जातीची चिप असते आणि तीच मापन व पडदा दोन्ही सांभाळते. एसी करंट हा मीटर मोजत नाही. १० अँपिअरच्या सॉकेटशेजारी बहुतेक नगांवर ‘फ्यूज नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते. ती सहसा कोणी वाचत नाही.

बॅटरी, खेळणी, वाहनाची १२ व्होल्टची वायरिंग किंवा शाळेतील प्रयोग यांसाठी हा मीटर पुरेसा आहे. डायलवर ७५० व्होल्ट एसी आणि १००० व्होल्ट डीसी छापलेले असले, तरी छपाईने संरक्षण येत नाही. महाग मीटरच्या पट्टीवर सॉकेटजवळ जाड रोध, उसळी शोषणारे व्हॅरिस्टर, तापल्यावर रोध वाढवणारे थर्मिस्टर आणि दोन सॉकेटांमधील मोकळे अंतर दिसते. स्वस्त मीटरमध्ये यांतील बहुतेक जागा रिकाम्या असतात. किमतीतील फरकाचा मोठा भाग या न दिसणाऱ्या भागांचा आहे.

अंक आणि अचूकता

पडद्यावर जास्त अंक म्हणजे जास्त अचूकता नव्हे. अचूकता टक्के अधिक अंक अशा दोन भागांत दिली जाते. ११० मालिकेत ५० हर्ट्झच्या एसीसाठी ती १ टक्का अधिक ३ अंक आहे. २३०.० व्होल्टच्या मापनात चूक २.३ अधिक ०.३, म्हणजे २.६ व्होल्टपर्यंत असू शकते. खरे मूल्य २२७.४ ते २३२.६ यांत कोठेही असेल. त्यामुळे दोन मीटरांत दोन व्होल्टचा फरक दिसल्यास कोणता ‘बिघडला’ हा वाद निरर्थक ठरतो. ज्यांना मापनाचा दाखला द्यावा लागतो, त्यांनी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ठरावीक काळाने अंशांकन करून घ्यावे.

कामानुसार निवड

घरगुती वायरिंग करणाऱ्यासाठी लो-झेड, कॅट ३ आणि खरे आरएमएस हे तीन निकष अनिवार्य धरावेत. ११४ ते भागवतो आणि ११७ त्यांवर करंट व कपॅसिटरची भर घालतो. एसी आणि शीतगृहाच्या कामाला ११६ योग्य. कारखान्यातील पॅनेलवर करंट आणि वारंवारता लागत असेल आणि मृत वायर तपासण्यासाठी वेगळे साधन असेल, तर ११५ पुरतो. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीला सूक्ष्म करंट मोजणारा मीटर हवा. अन्य कंपन्यांची मॉडेले पाहतानाही हेच प्रश्न विचारावेत : श्रेणी कोणती आणि ती स्वतंत्र संस्थेने प्रमाणित केली आहे का, फ्यूज किती प्रवाह तोडतो, एसी मापन कोणत्या पद्धतीचे, अल्प रोधाची सोय आहे का. उत्तरे माहितीपत्रकात नसतील, तर नसणे हेच उत्तर समजावे.

११७ मधील स्पर्शाविना व्होल्टेज ओळखणाऱ्या संवेदकाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. तो डीसी ओळखत नाही आणि धातूचे वेष्टन असलेल्या केबलमधील एसीही त्याला कळत नाही. त्याचा दिवा पेटला तर वायर जिवंत मानावी. पेटला नाही म्हणून ती मृत मानू नये.

मीटर कोणताही असो, मृत वायर तपासण्याची पद्धत तीन टप्प्यांची आहे. प्रथम जिवंत असल्याची खात्री असलेल्या पॉइंटवर मीटर लावून तो चालतो हे पाहावे, मग संशयित वायर तपासावी आणि लगेच पुन्हा त्याच जिवंत पॉइंटवर मीटर तपासावा. दमट, खाऱ्या हवेत लीडच्या टोकांवर गंज चढतो, बॅटरी अचानक संपते, लीड आतून तुटते. अशा वेळी पडद्यावरचे शून्य वायरीचे नसून मीटरचेच असते, आणि ते ओळखण्याचा मार्ग तिसऱ्या टप्प्याखेरीज दुसरा नाही.